शर्यतीच्या घोड्यांचे सिनेमे: घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

टांगेवाल्याचा_नातू

पाय मुरगळला म्हणून आठवडाभर घरात पडून होतो. तीन रात्रींत तीन सिनेमे पाहिले, तिन्ही जगप्रसिद्ध शर्यतीच्या घोड्यांवरचे: 'सीबिस्किट' (२००३), 'सेक्रेटेरिएट' (२०१०) आणि ऑस्ट्रेलियाचा जुना 'फार लॅप' (१९८३). तिन्ही वेळा पोस्टरवर घोडा आणि पडद्यावर माणसं. वैतागून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी हे का खटकलं ते सांगतो. माझे आजोबा सोलापूर स्टेशनबाहेर टांगा लावायचे. गिरणीच्या पहिल्या भोंग्याआधी उठायचे, तोंड न धुता आधी तबेल्यात. स्टेशन ते बाळीवेस, स्टेशन ते चाटी गल्ली, लग्नसराईत तर रात्री बारापर्यंत. रिक्षा आल्या तेव्हा लोकांनी सांगितलं, परवाना घ्या, कर्ज मिळतं. आजोबा म्हणाले, रिक्षाला खरारा कुठं करू? शेवटी गुडघे गेले तेव्हाच टांगा सुटला. पिवळा पटका, विडी आणि दम्याचा खोकला, एवढं मला आठवतं. घोडी होती एक, तपकिरी. मी लहान होतो.

आता सिनेमे. सीबिस्किटमध्ये सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास मोटारविक्याचा धंदा, त्याचा मुलगा कसा गेला, जॉकीला आईबापांनी कसं सोडलं, मंदीचे जुने फोटो आणि त्यावर एक भारदस्त आवाज. घोडा येईपर्यंत माझा दुसरा चहा संपला. बरं, हा खराखुरा घोडा काय वल्ली होता! झोपाळू, खादाड, त्याच्या सोबतीला पंपकिन नावाचा पिवळा घोडा, एक कुत्रा आणि चक्क एक माकड. त्या बिऱ्हाडावर अख्खा सिनेमा निघाला असता.

सेक्रेटेरिएटचं तर विचारूच नका. १९७३ साली या घोड्यानं अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती ओळीनं मारल्या. २५ वर्षांत ते कुणाला जमलं नव्हतं. त्या तीनपैकी मधली, प्रीकनेस, सिनेमात कशी दाखवली? घरचे लोक दिवाणखान्यात बसून टीव्ही बघतायत आणि आपण त्यांना बघतोय! तिसरी बेलमाँट. दीड मैल, २ मिनिटं २४ सेकंद, तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. दुसऱ्या नंबरच्या घोड्यापेक्षा ३१ लांबी पुढे. एक लांबी साधारण आठ फूट धरा. म्हणजे पार्क मैदानावर क्रिकेटच्या पावणेचार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर होईल तेवढं अंतर. ते अंतर मला बघायचं होतं. मला काय दिसलं? मालकिणीचा चेहरा, वर बायबलमधला उतारा, आणि चर्चमधलं गाणं.

घोड्याला बोलतं करा असं मी म्हणत नाही, कार्टून नकोय. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो, आणि चौखूर उधळला की एका झेपेला एक श्वास, ना कमी ना जास्त. हे ऐकवा की दोन मिनिटं! कान कुठं वळतात, नाकपुड्या कशा फुलतात ते दाखवा. घोडा बघायला आलेल्या माणसाला निदान घोडा तरी दाखवा.

कडकभाकरी

मी नाव वाचून सेक्रेटेरिएट म्हणजे मंत्रालयावरचा सिनेमा समजलो होतो. म्हटलं फायली पळतायत की काय ३१ लांबी पुढं.

सात_रस्ता

मालक, पाय बरा होवो. पण मत पटलं नाही.

हौशी नाटकं करून आमची दोन दशकं गेली. कुणीही पात्र घेऊन आलं की आम्ही एकच विचारतो, याला काय हवंय? सेक्रेटेरिएटला काय हवं होतं? चंदी, पाणी, थोडं पळणं, थोडी झोप. बेलमाँट जिंकायचं नव्हतं त्याला, कारण बेलमाँट हे काय असतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. पळायला आवडतं एवढं खरं असेल. पण अंतिम रेषा माणसानं आखली, घड्याळ माणसाचं, पैज माणसाची. उत्तर गोलार्धातल्या शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवससुद्धा १ जानेवारीलाच धरतात, मग शिंगरू मार्चात जन्मो की मेमध्ये. आपल्या गावातल्या मास्तरांनी सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून लावली, तसंच.

तेव्हा शर्यत ही मुळात माणसांची गोष्ट आहे. घोडा तिच्यात आहे, पण ती त्याची नाही. तिला त्याची गोष्ट म्हणणं हीच मला थाप वाटते. सिनेमावाल्यांनी मालकिणीचा चेहरा दाखवला, कारण हरण्या-जिंकण्याची भीती त्या चेहऱ्यावर होती. घोड्याच्या चेहऱ्यावर काय दिसणार? माशी.

टांगेवाल्याचा_नातू

माशी बसल्यावर घोड्याची कातडी जिथल्या तिथं थरथरते, बाकी अंग हलत नाही. बघितलंय कधी? मला तेही चाललं असतं.

आणि 'काय हवंय' हा नियम नाटकाचा. नाटकात घोडा आणता येत नाही, म्हणून तो तिथं चालतो. सिनेमात घोडा आणता येतो. तरी आणून बाजूला उभा करायचा असेल तर लग्नातला घोडा आणि त्यात फरक काय? त्याच्याही नावानं कुणी आहेर करत नाही.

बाळीवेशीतली

मी दुसऱ्या बाजूनं बोलते. सेक्रेटेरिएट मला आवडला, आणि मालकिणीमुळेच आवडला.

पेनी चेनरी घरसंसार सांभाळणारी बाई. वडील आजारी, स्टड फार्म अडचणीत, घरातले पुरुष म्हणतात विकून टाका. शर्यतीच्या जगात बायका टोप्या घालून मिरवायला यायच्या, निर्णय घ्यायला नव्हे. तिनं घोडा शर्यतीसाठी ठेवला, आणि १९७३च्या फेब्रुवारीत, म्हणजे मोठ्या तिन्ही शर्यतींच्या आधीच, प्रजननाचे हक्क हिस्से पाडून ६० लाख ८० हजार डॉलरला विकून घर वाचवलं. नातू भाऊ, तुम्ही म्हणता घोडा दाखवा. ती बाई नसती तर तो दुसऱ्याच कुणाच्या रंगाचे कपडे घातलेल्या जॉकीखाली पळाला असता, कुणी सांगावं, पळालाच नसता.

गंमत म्हणजे तो तिच्याकडे आलाच नाणेफेक हरून. कोणतं शिंगरू कुणाचं हे ठरवायला १९६९ साली नाणं उडवलं. जिंकणाऱ्यानं जन्मलेली शिंगी उचलली, हरणारीच्या वाट्याला पोटातलं आलं. ते पोटातलं म्हणजे हा. आता यात घोड्याचं कर्तृत्व काय? आमच्याकडे स्थळं अशीच जमतात.

बायकांच्या गोष्टी आधीच कमी, त्यात एक आली तर 'बाई कशाला, घोडा दाखवा' म्हणायचं?

टांगेवाल्याचा_नातू

ताई, हे लागलं. बाई नको असं मला म्हणायचं नव्हतं. पेनीबाईंवर सिनेमा काढा, नाव 'पेनी' ठेवा, मी तिकीट काढतो. घोड्याच्या नावानं तिकीट विकून आत दुसरं वाढू नका, एवढंच. शेंगापोळी म्हणून पुरणपोळी वाढली तर पुरणपोळी वाईट असते असं नाही, पण मी शेंगापोळी मागितली होती ना!

खरारा

पुण्याच्या रेसकोर्सवरच्या तबेल्यात मी दोन पावसाळी हंगाम काम केलं. आता सोलापुरात पशुखाद्याचं दुकान आहे. दोन्हीकडच्यांना थोडं थोडं सांगतो.

नातू म्हणतात ते श्वासाचं खरं आहे. शांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस ठोके टाकतं, भरधाव असताना दोनशेच्या वर जातं. पळायला सुटला की प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणजे इंधनाची राखीव टाकी. सेक्रेटेरिएट १९८९ साली खुराच्या आजारानं, लॅमिनायटिसनं गेला, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरनं त्याचं हृदय बघून अंदाज केला, २२ पौंड. म्हणजे दहा किलो, साध्या घोड्याच्या दुपटीहून जास्त. वजनकाट्यावर ठेवलेलं नव्हतं, हा अंदाजच आहे. पण फार लॅपचं हृदय मोजलेलं आहे, ६.२ किलो. आजही कॅनबेराच्या संग्रहालयात ठेवलंय. कातडं मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडला. एका घोड्याचे तीन देव्हारे. हे सगळं सिनेमात आत शिरून दाखवता येतं. कुणी मनावर घेत नाही.

पण नातू, एक अडचण तुम्हाला दिसत नाही. पडद्यावरचा एक घोडा म्हणजे खरं तर बरेच घोडे असतात. एकाच घोड्याला सकाळपासून सहा वेळा भरधाव पळवून बघा, सातव्या वेळी तो तुम्हाला लोळवेल, नाही तर स्वतः लोळेल. मग एक जवळून बघायला, एक पळायला, एक उभं राहायला, सगळ्यांना एकसारखं रंगवायचं. तुम्हाला 'त्या' घोड्याचा स्वभाव बघायचाय, आणि समोर तो एक घोडाच नाही. माणसाचं काम एक नट करतो, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे वळतो. यात कट नाही, हिशोब आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. माणसंच दाखवायची तर चुकीची दाखवतात. मालक महिन्यातून दोनदा येतो, गाजर देतो, फोटो काढतो. ट्रेनर सकाळी घड्याळ धरतो. जॉकी कामापुरता पाठीवर. चोवीस तास घोड्याजवळ असतो तो मोतद्दार. आमच्याकडे सईस म्हणतात. पायात ऊब आलीय का ते तो तळव्यानं सांगतो. सेक्रेटेरिएटचा सईस एडी स्वेट. सिनेमात आहे, पण चेनरीबाईंच्या मानानं किती? फार लॅपनं निदान ते केलं, टॉमी वूडकॉक नावाचा पोऱ्या मध्यभागी ठेवला. म्हणून नातूंच्या यादीतला तो सिनेमा मी वेगळा काढीन.

टांगेवाल्याचा_नातू

फार लॅपचं मान्य. त्याला एकाच दावणीला बांधायला नको होतं.

माळशिरसकर

सोलापूर जिल्ह्यात राहून घोडा बघायला अमेरिकेचे सिनेमे कशाला? आषाढीच्या आधी आमच्याकडे या. पुरंदवडे, खुडूस, नाहीतर वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी. माउलींच्या पालखीचं रिंगण. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर पताका घेतलेला स्वार, आणि दुसरा मोकळा. पाठीवर कुणी नाही, म्हणजे माउली बसलेत असं आपण मानतो. ज्या क्षणी तो मोकळा अश्व सुटतो ना, लाखभर माणूस श्वास रोखून उभं असतं. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मालक, ट्रेनर, जॉकी कुणी लागत नाही. बघणारे बघतात ते घोड्यालाच.

टांगेवाल्याचा_नातू

हेच तर! जोरात बोललात. मोकळा घोडा आणि लाखभर डोळे. याहून वेगळं मी काय मागतोय?

सात_रस्ता

थांबा, थांबा. माळशिरसकर, तुम्हीच आत्ता लिहिलंत, पाठीवर माउली आहेत असं आपण मानतो. मग लोक बघतात ते कुणाला? घोडा पुढं पळतो, पण माती कपाळाला लावतात ती त्याच्या पाठीवर न दिसणाऱ्यासाठी. तोच घोडा वाटेत चरताना दिसला तर कोण थांबेल? रिंगण हे माझंच उदाहरण आहे. घोडा डोळ्यांत भरतो तेव्हा त्याच्यावर कुणीतरी बसवलेलं असतं. आपण देव बसवतो, हॉलिवूड मालकीण बसवतं.

माळशिरसकर

वाटेत चरताना दिसला तरी लोक थांबतात. पाया पडतात. बघायला या एकदा. बसून कीबोर्डवर रिंगण घालू नका.

कडकभाकरी

🐎 इथं सात रस्त्याचं घोडं अडलं.

टांगेवाल्याचा_नातू

सात रस्ता, तुमच्यासाठी शोधून आणलंय. सिनेमा जन्माला कशामुळे आला? शर्यतीच्या घोड्यामुळे! कॅलिफोर्नियात लीलंड स्टॅनफर्डला घोड्यांचा नाद. दौडताना घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, हा तेव्हाचा वाद. मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं १९ जून १८७८ रोजी पालो आल्टोच्या धावपट्टीला लागून कॅमेऱ्यांची रांग लावली आणि सॅली गार्डनर नावाच्या घोडीचे पळतानाचे ओळीनं फोटो काढले. चारही पाय सुटतात, हे सिद्ध झालं. सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणलेले काढत होते, सगळे चुकले. हलत्या चित्रांची सुरुवात तिथं झाली. त्या फोटोंत जॉकी आहे, पण बघणाऱ्याचं लक्ष घोडीच्या पायांवर. म्हणजे पहिला कॅमेरा घोड्याकडेच बघत होता. नंतर तो माणसांकडे कधी वळला आणि तिथंच का अडकला, हे मला सांगा.

सात_रस्ता

दाद देतो, खरोखर. पण ते छापील कार्ड एकदा नीट वाचा. चित्रांखाली घोडीच्या नावाला लागूनच छापलंय, 'मालक लीलंड स्टॅनफर्ड'. जॉकीचं नाव नाही, मालकाचं आहे. पहिल्याच दिवसापासून, बघा.

बाळीवेशीतली

😄 हे भारी होतं.

खरारा

हसून झालं असेल तर एक सांगतो. हे दोन्ही बाजूंना नडणारं आहे.

फर्डिनांड नावाचा घोडा. १९८६ची केंटकी डर्बी, म्हणजे त्या तीन मोठ्या शर्यतींतली पहिली, त्यानं मारली. जॉकी बिल शूमेकर, वय ५४. ट्रेनर चार्ली व्हिटिंगहॅम, वय ७३. आता सात रस्ता, तुम्ही नाटकवाले, सांगा, सिनेमा आहे की नाही? दोन म्हातारे, एक शेवटची बाजी, सगळे म्हणतात यांचे दिवस गेले. शेवटी फुलांचा हार, दोघांच्या डोळ्यांत पाणी, पडदा. माणसांची गोष्ट तिथं संपते, आणि छान संपते.

घोड्याची तिथं संपली नाही. त्याला प्रजननासाठी जपानला विकलं. तिथं त्याला मागणी राहिली नाही, आणि २००२ साली त्याची रवानगी कत्तलखान्यात झाली. अमेरिकेत बातमी पोचली ती दुसऱ्या वर्षी. डर्बी जिंकलेला घोडा.

तेव्हा माणसांवर कॅमेरा ठेवण्याचं कारण मला नाटकाचा नियम वाटत नाही. माणूस दाखवला की गोष्ट हाराजवळ थांबवता येते. घोड्याच्या मागं गेलं तर तो हार उतरवून कुठं जातो ते दाखवावं लागतं. रफियन नावाच्या घोडीवर २००७ साली टीव्हीसाठी सिनेमा निघाला. १९७५च्या जुलैत बेलमाँटला पळता पळता तिचा पाय मोडला आणि ती त्यातच गेली. आधी एकही शर्यत न हरलेली. त्या सिनेमातसुद्धा मोठं नाव ट्रेनर झालेल्या नटाचंच.

म्हणून नातू, घोड्यावरचा सिनेमा मागताय तर सगळा मागा. दोन मिनिटं नाकपुड्या आणि श्वास मिळाला की तुमचं समाधान होणार असेल, तर तीही चैनच. पाय मोडल्यावर पडदा आडवा धरून इंजेक्शन देतात तेव्हा तुम्ही बघाल? मी दोनदा बघितलंय. म्हणून पशुखाद्य विकतोय.

टांगेवाल्याचा_नातू

यावर लगेच काही लिहिता येत नाही.

(दोन तासांनी) बघेन की नाही माहीत नाही. पण जे दाखवत नाहीत ते का दाखवत नाहीत, हे आता कळलं. माझी तक्रार होती त्यापेक्षा मोठी झालीय, लहान नाही.

सात_रस्ता

खरारा, फर्डिनांडचं मला ठाऊक नव्हतं. मात्र तुमच्या प्रसंगातही, पडदा आडवा धरताना, गोष्ट कुणाची आहे? ती बघणाऱ्याची, तुमची. नोकरी सोडणाऱ्याची. मी म्हणतो ते यापेक्षा वेगळं नाही. घोड्याला जे झालं ते झालं. त्याचं काय करायचं हा प्रश्न माणसाला पडतो, आणि गोष्ट त्या प्रश्नाची असते.

खरारा

असेल. पण त्या रात्री माझ्या पोटात गोळा आला आणि तिचा पाय तुटला. दोन्ही एका मापानं मोजू नका.

बाळीवेशीतली

मी इतका वेळ मालकिणीच्या बाजूनं भांडत होते. आत्ता एक लक्षात आलं म्हणून मागं जाऊन वाचलं. नातू भाऊ, राग मानू नका. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आजोबांवर किती ओळी आहेत? भोंगा, बाळीवेस, चाटी गल्ली, रिक्षाचा परवाना, गुडघे, पटका, विडी, दमा. आणि घोडी? 'होती एक, तपकिरी.' नावसुद्धा नाही.

कडकभाकरी

आई शप्पथ.

सात_रस्ता

मी हे म्हणणार होतो, पण ताईंनी जास्त सभ्यपणे म्हटलं.

टांगेवाल्याचा_नातू

खरंय. नाव मला माहीतच नाही. आत्या आहे कुमठा नाक्याला, आता झोपली असेल. उद्या विचारतो.

टांगेवाल्याचा_नातू

आत्याला फोन केला. आजोबांबद्दल विचारलं असतं तर 'होते बाबा तापट' म्हणून तिनं ठेवून दिला असता. घोडीचं विचारल्यावर पाऊण तास बोलली.

नाव चंद्री. कपाळावर चांद होता म्हणून. म्हणजे नुसती तपकिरी नव्हती, मी तेही चुकीचं लिहिलं. उजव्या डोळ्यानं अधू होती, त्यामुळे त्या बाजूनं कुणी गेलं की दचकायची. मग घरच्यांना सवय झाली, डावीकडूनच जायचं, जाताना तोंडानं च्यक च्यक आवाज करायचा. आत्या म्हणते, अजून ती कुणाच्याही डावीकडूनच जाते. भोंगा वाजला की लीद टाकायची, रोज, चुकायची नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कितीही भाडं असलं तरी शोभेच्या दारूच्या रात्री तिला बाहेर काढायचे नाहीत. आजोबा तिच्याजवळ बसून राहायचे. घरचे सगळे होम मैदानावर, आणि हे दोघं तबेल्यात.

आणि सात रस्त्याच्या अलीकडे एका भडभुंज्याच्या दुकानापाशी ती स्वतः थांबायची. सवारी बसलेली असो, गाडीची वेळ झालेली असो. मूठभर फुटाणे मिळाल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. त्या फुटाण्यांचे पैसे आजोबा महिन्याच्या शेवटी चुकते करायचे.

सात_रस्ता

म्हणजे तिला काय हवं होतं ते सापडलं की.

टांगेवाल्याचा_नातू

फुटाणे.

कडकभाकरी

दुकान अजून आहे का ते? कुणाला माहीत असेल तर सांगा, मी उद्या त्या बाजूला जाणार आहे.